बहिऱ्यांचा मोर्चा

माझा बाप ठार बहिरा आहे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, त्यांच्या धंद्याची ओळख म्हणून सांगते. कारखान्याच्या बॉयलर खात्यात ज्यानं उमेदीची वर्षं घालवली आणि तरी ज्याला ऐकू येतं, तो तिथे काम करत नव्हता, कुठेतरी आडोशाला झोपा काढत होता, असं खुशाल समजावं.

बाबांचं काम तर आतलं. बॉयलर म्हणजे आमच्या खोलीत मावणार नाही एवढी लोखंडी टाकी. तिचे जाड पत्रे रिव्हेट मारून एकमेकांना जोडतात. लालभडक रिव्हेट भोकात घालायचा, बाहेरून दोघांनी आळीपाळीनं घण घालून त्याचं डोकं चेपायचं, आणि टाकीच्या आत एकानं लोखंडाचा ठोकळा छातीशी धरून तो रिव्हेट मागून दाबून ठेवायचा. तो एक जण म्हणजे माझे बाबा. बाहेरच्यांचा आवाज निदान वाऱ्यावर जातो, आत बसलेल्याच्या डोक्यातच तो मुक्कामाला येतो. खात्यात सगळे त्यांना ‘आतला’ म्हणायचे, आणि पुढे गल्लीतही तेच नाव चिकटलं.

बॉयलर खात्यात कोणी तोंडानं बोलतच नसे. ओठ हलवायचे, हात हलवायचे, झालं. आई लग्नानंतर ती भाषा शिकली. मी आईएवढी सोशिक नाही, मी ओरडायला शिकले. आमच्याकडे मीठ संपलं की गल्लीच्या टोकाला कळतं. मी धुलाईखान्यात इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करते. तिथली मुकादमीण मला रोज एकदा तरी म्हणते, “अगं बाई, मी काय नदीपलीकडे उभी आहे का?”

मंदी आली तेव्हा पहिल्यांदा बंद पडलं ते बॉयलर खातं. जहाजंच बांधायची नाहीत तर बॉयलर कोणाला हवेत? मग ओतशाळा गेली, मग लेथ, मग सुतार, आणि एके दिवशी भोंगाही वाजायचा थांबला. भोंग्यावर आमचं गाव उठायचं, जेवायचं, झोपायचं. आई भोंगा झाला की पातेलं चढवायची. तो बंद झाल्यावर ती कित्येक दिवस चुलीपाशी उगाच कान लावून उभी राहायची. मला ते बघवत नसे.

पोटापुरती मदत सरकारी कचेरीतून मिळायची. मदत म्हणजे बाबांच्या नावावर दर आठवड्याला जे काही येई ते. त्यात माझा पगार घातला की तिघांचं कसंबसं भागायचं. आणि मग नगरसभेतल्या शहाण्यांना एक नवा नियम सुचला. ज्या घरात एक जरी माणूस कमावतो, त्या घरातल्या बेकाराला मदत नाही. मुलगी इस्त्री फिरवते ना? मग बापानं तिच्या इस्त्रीवर जगावं.

ठराव अजून मंजूर व्हायचा होता, पण कचेरीला भलतीच घाई. त्यांचा तपासनीस आधीच घरोघरी फिरत होता. आमच्याकडे आला तो टोपीसुद्धा न काढता. पातेल्यांची झाकणं उचलून बघितली, खाटा बघितल्या, माझा कोट कुठून घेतला ते विचारलं. बोलताना मान खाली घालून स्वतःच्या हातातल्या कागदांशीच बोलत होता. त्यामुळे बाबांना त्याचे ओठ दिसेनात. ते बिचारे माझ्याकडे बघत राहिले.

“काय म्हणतोय गं हा?” त्यांनी विचारलं.

तपासनीस मला म्हणाला, “सांगा की त्यांना.”

म्हणजे सांगायचंही मीच. आणि मला हळू सांगता येत नाही. दार उघडं होतं, बाहेर शेजारपाजार जमला होता. मी बेंबीच्या देठापासून ओरडले, “बाबा! मी कमावते! म्हणून तुमची मदत बंद होणार!” साऱ्या गल्लीनं ऐकलं. बाबांनी मान हलवली आणि खुर्चीत जरा ताठ बसले. पाहुण्यासमोर बसतात तसे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या माणसाला मी दाराबाहेर कोणत्या शब्दांत घालवलं ते इथे सांगत नाही.

संध्याकाळी बाबांनी आपला विचार जाहीर केला. जाहीरच म्हणायचं, कारण स्वतःचा आवाज किती मोठा लागतोय ते त्यांना कळत नाही. बंदराजवळ एकट्या पुरुषांसाठी निवारा आहे, रांगेनं बाकडी टाकलेला. ठराव मंजूर झाला की त्याच दिवशी ते तिथे राहायला जाणार. एकटा माणूस म्हटलं की मदत चालू राहील, आणि माझा पगार आम्हा दोघींना पुरेल.

“हे या वयात तिथे झोपणार?” आई म्हणाली. ती बाबांशी नव्हे, माझ्याशी बोलत होती. “मागून गाडी आली तरी ह्यांना कळत नाही. कोणी उशाखालून बूट काढून नेले तरी कळायचं नाही.”

“मग मी नोकरी सोडते,” मी म्हणाले.

“आणि खायचं काय? तुझा राग?”

राग खाऊन पोट भरत असतं तर मी अख्खी गल्ली पोसली असती. मी बाबांपुढे जाऊन उभी राहिले, त्यांना माझे ओठ दिसतील अशी, आणि म्हणाले, “तुम्ही कुठेही जायचं नाही.” त्यांनी माझ्या गालावर टपली मारली आणि विषय बदलला. बहिऱ्या माणसाला एक सोय असते. वाद नको असला की तो नुसती मान फिरवतो.

युनियननं मोर्चा ठरवला तो ठरावाच्याच दिवशी. सकाळी सगळ्यांनी कारखान्याच्या रस्त्यानं निघायचं, नगरसभेवर जायचं आणि मत पडायच्या आत तिथे पोचायचं. मी धुलाईखान्यात सुटी मागितली.

“मोर्चा बेकारांचा आहे,” मुकादमीण म्हणाली. “तुझं तिथे काय काम?”

“तुम्ही उद्या मला काढलंत तर? आजच सराव केलेला बरा.”

ती काहीतरी पुटपुटली, पण जा म्हणाली. तिचा भाऊही ओतशाळेतला, घरी बसलेला.

प्रत्येक खात्यानं आपलं एकेक अवजार हातात धरायचं ठरलं होतं. सुतारांचे रंधे, लेथवाल्यांची मापं. बॉयलर खात्याला घण आणायची पोलिसांनी मनाई केली, म्हणून त्यांनी हातोडे आणले. आणि या खात्याला ठेवलं सगळ्यात शेवटी. त्याला कारण होतं. मागच्या मोर्चात ते मधे होते आणि घोषणांचा पार विचका झाला होता. पुढचे म्हणत ‘काम द्या’, हे म्हणत ‘मुर्दाबाद’. पुढचे गप्प झाले तरी यांचं चालूच. युनियनचा सेक्रेटरी हात जोडून म्हणाला होता, “काका, तुम्ही आपले मागून या. पण या नक्की.”

मी बाबांचा कोपर धरून शेवटच्या रांगेत चालत होते. बाबांच्या पलीकडे डावरा होता, त्यांच्यावर जन्मभर बाहेरून घण घालणारा. डावऱ्या हातानं घालायचा म्हणून डावरा. वारा बोचरा होता. सगळ्यांनी टोप्या खाली ओढल्या होत्या आणि माना घालून चालले होते. बॉयलरवाले मधूनमधून एकमेकांकडे वळून ओठांनी टिंगल करत होते. मला सगळं कळत होतं आणि त्यातलं बरंचसं मी कळत नसल्यासारखं केलं.

कारखान्याच्या फाटकासमोर आलो आणि भोंगा वाजला.

किती महिन्यांनी! पुढचा सगळा मोर्चा जागच्या जागी थांबला. मग काय झालं ते डोळ्यांनी बघितलं नसतं तर मी विश्वास ठेवला नसता. कोणी सांगितलं नाही, कोणी ढकललं नाही. माणसं रस्ता सोडून फाटकाकडे वळली. ओतशाळा डावीकडे, लेथ उजवीकडे, सुतार भिंतीला, जशी आजवर रोज उभी राहत आली तशी रांग लागली. टोप्या हातात आल्या. एक म्हातारा ओतारी खिशात हजेरीचा बिल्ला चाचपत होता. बिल्ले कारखान्यानं केव्हाच परत घेतले होते. फाटक जरासं उघडलं होतं आणि आत टायमकीपर उभा होता. “काम निघालंय,” तो ओरडला. “रांगेत या, रांगेत.”

थांबलं नाही फक्त बॉयलर खातं. त्यांना भोंगा ऐकूच आला नव्हता! माना खाली, वारा तोंडावर, ते सरळ चालत राहिले. जरा वेळानं डावऱ्यानं मान वर केली, तर पुढे रस्ता मोकळा. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“अरे, मागे पडलो!” तो ओठांनी म्हणाला आणि हातानं खूण केली. “पुढे गेले सगळे! पाय उचला!”

आणि ती सगळी म्हातारी माणसं, पुढे कुठेही नसलेल्या मोर्चाला गाठायला, जवळजवळ पळत सुटली. मीही भोंग्यानं खुळ्यासारखी उभी राहिले होते. हसावं की रडावं कळेना. धावत जाऊन मी बाबांना गाठलं आणि त्यांचं तोंड माझ्याकडे वळवलं.

“भोंगा वाजला! फाटक उघडलंय! काम निघालंय म्हणतात!”

ते थांबले. मागे वळून बघितलं. फाटक, रांगा, हातातल्या टोप्या. त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला त्या क्षणी दुसरं काहीच नको झालं. काम मिळालं तर नियम गेला चुलीत. ते घरी राहतील, पगार आणतील, आई पातेलं चढवेल.

“आमचं खातं बोलावलंय?” त्यांनी विचारलं. “बघून ये.”

मी फाटकाशी पळाले. “कोणकोण हवंय?” मी टायमकीपरला विचारलं. “किती जण? कोणत्या खात्याचे?”

“ते साहेब सांगतील. रांगेत थांबायचं.”

“साहेब कुठायत?”

त्यानं इकडेतिकडे बघितलं. “सभेला गेलेत. नगरसभेच्या. ती आटोपली की येतील.”

साहेब म्हणजे मालक, आणि तो नगरसभेत बसतो हे सगळ्या गावाला माहीत होतं. ती सभा आटोपेपर्यंत आमच्या माणसांनी इथे टोप्या हातात धरून उभं राहायचं. भोंगा कशासाठी वाजला ते आता शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी परत आले आणि बाबांना शब्दन्‌शब्द सांगितलं. माझे ओठ थरथरत होते, त्यांनी दोनदा सांगायला लावलं.

चेहऱ्यावरचा उजेड गेला. पण चिडतील, मटकन बसतील असं वाटलं होतं तसं काही झालं नाही. ते डावऱ्याकडे वळले आणि हातांनी त्याला सगळं सांगितलं. मग मोठ्यांदा म्हणाले, “साहेब तिकडे आहेत ना? मग कामाचंही तिकडेच विचारू. चला.”

आणि निघाले. रुंद रस्त्यावर मूठभर माणसं, हातात हातोडे, पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. मला इतका अभिमान वाटला आणि त्या रांगांचा इतका संताप आला की मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि बहिऱ्या बापासाठी कमावलेला सगळा आवाज लावला.

“अहो कानवाले! ते बघा, बहिरे निघाले! तुम्हाला ऐकू येतं म्हणून तुम्ही इथे उभे! साहेब सभेत बसून तुमच्या तोंडचा घास काढतोय आणि तुम्ही त्याच्या दाराशी टोप्या काढून उभे! घाला त्या डोक्यावर!”

आधी कोणी हललं नाही. मग त्या बिल्ला शोधणाऱ्या ओताऱ्यानं टोपी घातली, खिसा झटकला आणि रस्त्यावर आला. त्याच्यामागे चारदोन, मग एकदम बरेच. सेक्रेटरी धावत पुढे गेला. त्याचे कान लाल झाले होते. सगळे मात्र आले नाहीत. अर्धेअधिक आले, बाकीचे भिंतीला चिकटून राहिले. त्यांना मी दोष देत नाही, असं म्हणायची रीत आहे. मी दिला. अजूनही देते.

अशा रीतीनं जे शेवटी होते ते पहिले पोचले. नगरसभेच्या अंगणाला छातीएवढा लोखंडी कठडा आहे. त्याच्या दाराशी पोलीस उभे. सेक्रेटरी आणि आणखी दोघांना आत गॅलरीत बसायला सोडलं, बाकीच्यांनी अंगणातच थांबायचं. पोलिसांच्या अंमलदारानं हुकूम वाचला, सभा चालू असताना कोणी घोषणा द्यायची नाही, दिली तर आत टाकू. अंमलदाराच्या मिशा ओठांवरून खाली आलेल्या. बॉयलरवाल्यांना मिशा हलताना दिसल्या, बाकी काही नाही. त्यांनी आदरानं माना डोलावल्या.

सगळे चिडीचूप झाले. तळमजल्यावरच्या मोठ्या खिडक्यांतून सभागृह दिसत होतं. उबदार दिवे, टेबलं, गुळगुळीत डोकी. एक कारकून कागद घेऊन उभा राहिला. ठराव वाचायला लागला असणार. बाबांनी त्याचे ओठ बघितले.

“आमचंच चाललंय,” ते म्हणाले. अंगणातल्या सगळ्यांनी ऐकलं. अंमलदारानंही.

मग बाबांनी कठड्यावर हात ठेवला. बोटांच्या पेरांनी ठोकून बघितलं, तळवा लावून थरथर बघितली. दारातून कठड्याच्या पलीकडच्या अंगाला गेले, दोन्ही हातांनी गज धरला, छाती टेकवली आणि डावऱ्याकडे बघून मान हलवली. डावऱ्यानं हातोडा उचलला. समोर दुसरा उभा राहिला. एक, दोन, एक, दोन. मग पुढच्या गजाशी दुसरे तिघे, त्यांच्यापुढे आणखी तिघे.

तो आवाज मी लहानपणी ऐकलेला, बाबांचा डबा पोचवायला जायची तेव्हा. लोक कानांवर हात ठेवून मागे सरकले. अख्खा कठडा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत होता. घोषणा एकाचीही नव्हती. आत कारकुनाचे ओठ हलत होते आणि टेबलांभोवतीची माणसं कानांमागे हात धरत होती. कोणीतरी खिडक्या लावल्या. तावदानं खडखडायला लागली. सेक्रेटरीनं नंतर सांगितलं, हात वर करून मत घेऊन टाका, असं मालक ओरडत होता. पण ठराव पुरता वाचून दाखवल्याशिवाय मत घेता येत नाही, आणि एक म्हातारे सभासद पुन्हा पुन्हा उभे राहून म्हणत होते की मला शब्दही ऐकू आलेला नाही, मी मत देणार नाही. त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं की आमची दया आली होती, कोण जाणे.

अंमलदार डावऱ्यासमोर जाऊन ओरडला. डावऱ्यानं हसून मान हलवली आणि घातला पुढचा घाव. बॉयलरवाल्यांना आवाजाचा त्रास नाही. ते असे दिवसच्या दिवस ठोकतात.

मग एका पोलिसानं बाबांच्या खांद्यावर दांडकं घातलं.

आतल्यानं ठोकळा सोडायचा नसतो. हातोडे चालू असताना मागचा सुटला तर हातोडेवाल्याचं मनगट जातं. बाबांनी सोडला नाही. दुसरं दांडकं बसलं. त्यांचे डोळे घट्ट मिटले, पण छाती गजाला तशीच टेकलेली. मी धावले, त्या पोलिसाच्या कानाशी तोंड नेलं आणि जे काही ओरडले ते मलाच ऐकू आलं नाही. त्याला आलं. तो दोन्ही हातांनी कान धरून मागे सरकला, दांडकं खाली पडलं, आणि माणसांनी आमच्याभोवती कडं केलं.

तेवढ्यात खिडकीशी अध्यक्ष आले. लालबुंद झाले होते. तोंड आमच्याकडे असतानाच ते मागच्या सभासदांना काहीतरी म्हणाले. आम्हा कानवाल्यांना एवढ्या लांबून काय कळणार? पण बॉयलर खात्यातल्या प्रत्येकानं ते वाचलं. हातोडे एकाच वेळी थांबले.

“तहकूब!” बाबा ओरडले. “सभा तहकूब! मत नाही!”

सेक्रेटरी पायऱ्या उतरून धापा टाकत आला तोवर बॉयलरवाले एकमेकांच्या पाठी बडवत होते. “पुढच्या सभेपर्यंत ठराव लांबला,” तो सांगायला लागला, तर ओतारी म्हणाला, “आम्हाला कळलंय रे. बहिऱ्यांनी ऐकलं.”

मी बाबांना पायरीवर बसवलं. त्यांचा डावा हात वर होत नव्हता. कोटाची शिवण उसवली होती, आत खांदा सुजत होता. मला आनंद झाला होता आणि रडूही येत होतं, पण त्याआधी मला एक गोष्ट विचारायची होती. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. पहिल्यांदाच आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं, “पुढच्या सभेत झाला मंजूर, तर जाणार निवाऱ्यात?”

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं आता मान फिरवतील. त्यांनी फिरवली नाही.

“नाही,” ते म्हणाले. हळूच बोलतोय असं त्यांना वाटलं असावं, पण पोलीस वळले, रस्त्यापलीकडची माणसं वळली, सभागृहाच्या खिडकीशी उभा असलेला मालकही वळला. “माझं घर आहे ते. नियम होवो नाहीतर न होवो, मी तिथेच राहणार. मला बाहेर काढायचं असेल तर त्यांनी स्वतः यावं आणि उचलून न्यावं.”